साडेदहा की अडीच

माझा हात पहिल्यापासून जड. हे कौतुकानं सांगत नाही, आणि आता केस पिकले म्हणून माफी मागायलाही बसलेलो नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या शेडमध्ये मी तेवीस वर्षं जॉबर होतो. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. पण माग दुरुस्त करणं हे अर्धं काम झालं, उरलेलं अर्धं म्हणजे माणसं हाकणं. माग थांबला की मालक मला विचारणार, मी मागवाल्याला विचारणार, आणि अठ्ठेचाळीस मागांच्या खडखडाटात तोंडानं विचारलेलं कुणाच्या बापाला ऐकू येत नाही. म्हणून मी हातानं विचारायचो. मानेवर एक, पाठीत एक. हातात पाना असला तर पान्याच्या मुठीनं.

शेडमध्ये बोलणं म्हणजे खुणाच. सुताची कांडी संपली, जॉबरला बोलव, चहा आला, मालक आला, सगळ्याला हाताची खूण. नवीन माणूस पहिले पंधरा दिवस ओरडून घसा बसवून घेतो, मग गप्प होतो. वीस वर्षं मागावर काढलेला माणूस घरी बायकोशीसुद्धा खुणांनीच बोलतो, आणि बोललाच तर भांडल्यासारखा बोलतो. कान गेलेले असतात. रागीट लोक म्हणून आमची गल्ली बदनाम आहे. दिवसातले बारा तास डोक्यात घण बसत असतील तर साधू माणूससुद्धा रागीट होईल, पण हे गल्लीबाहेरच्या कुणाला सांगून पटत नाही.

मला ज्यानं काम शिकवलं त्या जॉबरनं माझं कानशील फोडलं होतं. धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारा लाकडी तुकडा, नीट बसवला नाही म्हणून. तो धोटा उडाला आणि समोरच्या मागवाल्याच्या भुवईत घुसला, डोळा थोडक्यात वाचला. मी तेव्हा सोळा वर्षांचा. कानातून रक्त आलं ते पुसून पुन्हा मागावर उभा राहिलो, कारण त्याच वर्षी आमचे नायना गेले होते. घरात आम्ही तेलुगू बोलतो, वडलांना नायना म्हणतो. इथं मराठीत लिहितोय एवढंच.

नायनांच्या अंगावरून वारं गेलं होतं. डॉक्टर लोक पक्षाघात म्हणतात, पण आमच्याकडे वारंच म्हणतात. माणूस उभा असतो, वारं येतं, अर्धं अंग घेऊन जातं. नायना मागावरच पडले. त्यांना घरी आणून भिंतीकडेला निजवलं. दवाखान्याचं नाव कुणी काढलं नाही, कारण वाऱ्यावर दवाखान्यात काय करणार, असंच सगळे समजत होते. शेजारच्या म्हातारीनं चार कबुतरं आणवली. मी एकेकाची मान मुरगाळून कापायचो आणि गरम रक्त माझी बहीण अक्का नायनांच्या हातापायाला चोळायची. कबुतराचं अंग हातातल्या हातात बराच वेळ धडधडत राहतं. नवव्या दिवशी नायना गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. गल्लीत कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. आमच्या ओळीत दर दोन घरांआड एक पाय ओढत चालणारा माणूस होताच, आणि जो पाय ओढत नव्हता तो भिंतीवर फोटोत होता.

अक्का माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, विड्या वळणारी. नायनांच्या मागं तिच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या बावांनी, मला पोराच्या मायेनं सांभाळलं. माझ्या आधीपासून ते मागावर होते. पुढं मी जॉबर झालो आणि ते मागवालेच राहिले. त्यातून एक विचित्र रीत पडली. घरी मी त्यांना 'बावा, तुमी' म्हणायचो, अक्काच्या हातचं जेवायला त्यांच्या आधी पाटावर बसायचो नाही. शेडच्या दारातून आत पाऊल टाकलं की तेच माझ्या हाताखालचे, आणि मी त्यांना इतरांसारखाच 'ए' करून बोलावायचो. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. उलट चारचौघांत म्हणायचे, "आमच्या मेव्हण्याला देव जीभ द्यायला इसरला, म्हनून हात दोनदा दिला." सगळे हसायचे. मीही हसायचो.

बावांना बीपी निघालं ते आशाताईमुळं. ती घरोघरी फिरून दंडाला पट्टा बांधायची. बावांचा आकडा बघून ती दचकली, दुसऱ्या दिवशी स्वतः बरोबर येऊन गोळ्या लावून दिल्या. म्हणजे बघा, नायनांच्या वेळी जे कुणालाच माहीत नव्हतं ते आता दारात चालून आलं होतं. गोळ्या फुकट होत्या. फक्त त्यांतल्या एका गोळीनं लघवीला फार लागायचं.

ज्यानं माग चालवला नाही त्याला यात काय अडचण ते कळणार नाही. बावांकडे चार माग होते. मुतारी कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला. तिथं जाऊन यायला सात-आठ मिनिटं लागतात, तेवढ्यात एखाद्या मागावर ताण्याचा धागा तुटतो आणि वीतभर टॉवेलात खोट येते. खोट आली की मालक माझ्यावर. बावा पहिल्या दिवशी पाचदा गेले. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा निघाले तेव्हा मी त्यांची कॉलर धरली आणि ओढत मागापाशी आणून उभं केलं. सगळ्यांसमोर करंगळी नाचवून विचारलं, किती वेळा? बाकीचे हसले. बावाही हसले, पण कान लाल झाले होते.

त्यानंतर ते कामाच्या दिवशी मुतारीकडे फिरकेनात. मला वाटलं गोळीची सवय झाली असेल. महिन्याभरानं घरी जेवताना त्यांनीच मोठ्या शहाणपणानं सांगितलं, "कामाच्या दिवशी घेतच न्हाई मी. सुट्टीला दोन घेतो सकाळी, दोन संध्याकाळी. वसुली करून टाकतो की." अक्कालाही ते पटलं होतं. मलाही पटलं. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, आमच्या शेडमधले गोळ्यावाले जेवढे होते ते सगळे हेच करत होते. बीपीला सुट्टीचा वार कळतो अशीच आमची समजूत. त्या समजुतीला मूर्खपणा म्हणायला आज मी मोकळा आहे, पण ती माणसांच्या डोक्यात घातली कुणी? कॉलर मीच धरली होती.

त्याच्या आदल्या वर्षी आमच्या मालकांना हाच आजार झाला होता. सकाळी नाश्त्याला बसले असताना मालकीणबाईंना त्यांचं तोंड वाकडं दिसलं. त्यांनी हाक मारली, मुलानं गाडी काढली, अर्ध्या तासाच्या आत सुई टोचलेली होती. दोन महिन्यांनी मालक काठी टेकत शेडमध्ये आले. आम्ही हार घातला, नारळ फोडला, पेढे खाल्ले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, माणूस वाचला ते चांगलंच झालं. पण मालकाचं तोंड वाकडं झालं तर आजार असतो आणि मागवाल्याचं झालं तर माज असतो, हे मला पुढं कळलं.

तो दिवस एप्रिलमधला. वर पत्रा, खाली मोटारींची धग, अंगाला चिकटलेली कापसाची कुसं. आदल्या दिवशी बावांच्या भावकीत बारसं होतं. तिथं पुरुष मंडळी शिंदी प्यायली होती, बावाही दोन पेले प्यायले होते, मी समोरच होतो. सकाळी आठच्या पाळीला ते वेळेवर आले. दहा वाजता त्यांनी मला लांबून हात केला. साडेदहाला, मालकाच्या काचेच्या खोलीवरचं घड्याळ मला आजही दिसतं, साडेदहाला मी वळून बघितलं तर त्यांच्या चारपैकी तीन माग थांबलेले.

मी गेलो. बावा उपड्या खोक्यावर बसलेले. मी खूण केली, काय झालं? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एका गालानं हसले. मी पुन्हा खूण केली. ते तसंच, अर्ध्या तोंडानं, डोळा बारीक करून. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, मला वाटलं माव्याची पिंक. ते काहीतरी बोललेही असतील. ओठ हलत होते, पण तिथं कुणाला काय ऐकू येणार? मला एवढंच दिसलं की तीन माग बंद आहेत, मालक काचेतून बघतोय आणि हा माणूस रात्रीची उतरली नाही म्हणून माझ्याकडे बघून कुत्सित हसतोय. चारचौघांत. घरचा आहे म्हणून.

मी पूर्ण ताकदीनं कानफटात मारली. ते बसल्या जागेवरून उजवीकडे कलंडले आणि त्यांचं डोकं मागाच्या लोखंडी चौकटीवर आपटलं. आवाज आला असेलच, मला ऐकू आला नाही. त्यांनी डाव्या हातानं माझा पाय धरला. मी तो हात लाथेनं सोडवला. मग काखेत हात घालून ओढत बाहेर नेलं, पत्र्याच्या सावलीत चिंध्यांचा ढीग असतो त्यावर टाकलं, बादलीभर पाणी तोंडावर ओतलं. बाहेर खडखडाट कमी असतो. तरी मी ऐकलं नाही. "उतरली की ये," म्हणालो आणि आत जाऊन त्यांच्या मागांवर दुसरा माणूस लावला.

बाराला जेवणाची सुट्टी झाली. माणसं त्यांच्या शेजारून गेली-आली. एकानंही उठवलं नाही. पुढं एकानं मला सांगितलं, घोरत होते, वाटलं झोपलेत, आणि खरं तर तुमची भीती वाटली. अडीचला चहा आला तेव्हा माझा राग निवळला होता. सोयरा माणूस, मनात धरू नये, म्हणून एक कप घेऊन मी स्वतः गेलो. पॅन्ट ओली होती. उजवा डोळा अर्धा उघडा, उजवा हात कुणी दुसऱ्याचा आणून ठेवावा तसा पडलेला. मी तो उचलून सोडला. नायनांचा हात असाच पडला होता. चहाचा कप माझ्या हातून कधी सुटला मला माहीत नाही, नंतर पायाला फोड आले तेव्हा कळलं.

रिक्षात घालून आधी जवळच्या छोट्या दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. रस्त्यात एक ट्रॅक्टर आडवा होता, मी उतरून त्या ड्रायव्हरच्या मुस्काटात मारली आणि पुन्हा रिक्षात बसलो. पोचलो तेव्हा साडेतीन. अक्काला गल्लीतल्या पोरांनी गाडीवर आणून सोडलं होतं. तिच्या बोटांना तंबाखू तशीच लागलेली.

डॉक्टर पोरगेलासा होता. चष्मा लावलेला, बाहेरगावचा असावा, बोलण्यावरून वाटलं. त्यानं डोळ्यांत बॅटरी मारली, पायाच्या तळव्याला किल्लीनं ओरखडलं आणि विचारलं, "कधीपासून असं झालंय? शेवटचं नीट केव्हा बघितलं यांना?"

मी बावांचा शर्ट खाली ओढून नीट केला.

त्यानं समजावून सांगितलं. त्यानं समजावलं हे मला लिहिलंच पाहिजे. तो म्हणाला, "रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन आहे. साडेचार तासांच्या आत असेल तरच देता येतं. उशीर झालेला असेल आणि दिलं, तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून नक्की वेळ सांगा. आणि डोक्याला मार बिर लागलाय का?"

अक्का माझ्या उजव्या हाताला उभी होती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

"अडीचला," मी म्हणालो. "जेवून उठले तवा धड हुते. मार न्हाई लागला."

"गालावर वळ कसला?"

"उचलताना लागलं आसंल."

मी पुष्कळ वेळा स्वतःला सांगून बघितलं आहे की इंजेक्शन मिळावं म्हणून खोटं बोललो. साडेदहा म्हणालो असतो तर त्यानं दिलंच नसतं, ही गोष्ट खरी आहे. पण अक्कापुढं माझा हात उघडा पडेल, हीही गोष्ट खरी होती. दोन्ही खऱ्या. त्यांतली कुठली आधी मनात आली ते मला माहीत आहे.

डोक्याचा फोटो काढला, इंजेक्शन दिलं. संध्याकाळी बावांनी डोळे उघडल्यासारखं केलं. पायाचा अंगठा हलला. अक्का रडली, मी खाली जाऊन सगळ्या भावकीला चहा पाजला. फुगलेली छाती अजून आठवते मला. बघा, म्हणत होतो मी, वेळेत आणलं म्हणून. असं स्वतःच्या तोंडानं म्हणालो.

सकाळी त्यांना उलट्या सुरू झाल्या, मग फिट आली. आठच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आला. त्याचा चेहराच सांगत होता. म्हणाला, मेंदूत रक्तस्राव झाला, आम्ही पुष्कळ प्रयत्न केले.

भावकीतली वीस-पंचवीस माणसं जिन्यात होती. रात्रभर जागलेली, बरीचशी माझ्याच शेडमधली, घण डोक्यात घेऊन जगणारी. कुणीतरी म्हणालं, काल तर पाय हलवत हुते, ह्यानं काय टोचलं? ते वाक्य एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलं. मला ते थांबवता आलं असतं. जॉबर म्हणून माझा हात वर झाला की अख्खी शेड गप्प होते. माझा हात वर झालाच, पण पहिली थप्पड मी मारली.

मग सगळे तुटून पडले. त्याचा चष्मा खाली पडला, कुणाच्या तरी चपलेखाली फुटला. स्टीलचा ट्रे होता तो कुणीतरी त्याच्या पाठीत घातला. नर्स मध्ये पडली, तिला ढकललं. तो खुर्चीच्या मागे वाकून दोन्ही हातांनी डोकं झाकत होता आणि माझ्याकडे बघून ओरडत होता, "तुम्हीच सांगितलंत ना अडीच. तुम्हाला मी तीनदा विचारलं ना." दुसऱ्यांदा तेच म्हणायला त्यानं तोंड उघडलं तेव्हा मी त्या तोंडावर बुक्की मारली. दात माझ्या बोटाला लागला. त्याचं वाक्य अर्धं राहिलं, तेवढंच मला हवं होतं. मी पुन्हा मारली.

पोलीस आले. दोन जण आत बसले, तीन दिवस. एक भावकीतला, एक आमच्याच शेडमधला मागवाला. माझं नाव कुणी घेतलं नाही. मयताचा सख्खा मेव्हणा, दुःखात असेल, असं म्हणून सोडलं असेल. तो डॉक्टर महिन्याभरात नोकरी सोडून गेला असं ऐकलं. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर त्याच्या दाताचा वण अजून आहे. अंघोळीला साबण लावताना लागतो.

त्यानंतरची सहा वर्षं मी अक्काचं घर वाहिलं. किराणा, लाईट बिल, तिच्या मुलीची बारावी, मग बार्शीला राहून केलेला औषधांचा कोर्स. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. अक्का काही म्हणायची नाही. मी गेलो की ताट वाढायची, समोर बसून विड्या वळायची, पान कापण्याची कात्री चालत राहायची. मला वाटायचं दुःखानं अबोल झाली. दर सुट्टीच्या दिवशी मी जायचो, कधी रिकाम्या हातानं नाही.

मलाही या काळात बीपी निघालं. गोळी रोज घेतो. शेडमध्ये मी एक केलं, एका माणसाला मधल्या वेळेला कुणाचेही माग बघायला मोकळं ठेवलं, म्हणजे माणसं मुतारीला जाऊ शकतील. मालकांनी कुरकुर केली, मग त्यांनाच पटलं, ते स्वतः दिवसातून चार गोळ्या घेतात. हे मी चांगुलपणा म्हणून लिहीत नाही. एवढं सोपं होतं ते, एक माणूस मोकळा ठेवायचा. इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नाही, कारण सुचायला हवं होतं ते मला.

यंदा अक्काच्या मुलीला पुण्यात औषधांच्या कंपनीत नोकरी लागली. पहिल्या पगाराची साडी घेऊन ती येऊन गेली. त्याच्या पुढच्या सुट्टीला मी अक्काकडे गेलो, द्राक्षं घेऊन. दुपारची वेळ होती. तिनं ताट वाढलं नाही. विड्यांचं सूप मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.

"आज एक इचारते," ती म्हणाली. "खरं सांगायचं."

"इचार की."

"ते किती वाजता पडले?"

मला वाटलं डोक्यात काहीतरी फुटलं. "अडीचला. तुला ठाव हाय की."

"ती डॉक्टरला सांगितलेली येळ. मी खरी इचारते."

"अक्का, तू कुनाचं ऐकून—"

"कुनाचं न्हाई. तू त्या पोराच्या तोंडावर मारलंस, तवाच मला कळलं. बाकी लोक त्याच्या पाठीत मारत हुते, डोक्यात मारत हुते. तू तोंडावर मारलंस. ते पोरगं काय म्हनत हुतं ते मी ऐकलं हुतं." तिचा आवाज चढला नव्हता. "तुला मी पाळन्यातनं बगते. तू चुकलास की मारतोस. नायना पन तसंच करायचे."

"मग सा वर्सं का न्हाई बोललीस?"

"बोलून? तुला आत घातलं आसतं तर आमाला कोन हुतं? माजी पोरगी बारावीत हुती. विड्यांवर कोर्स झाला आसता तिचा?" तिनं एक विडी वळून दोऱ्यानं बांधली आणि सुपात ठेवली. "आता ती कमावती झाली. आता मला तुजी गरज न्हाई. आता सांग."

राग आला मला. काय म्हणून आला ते विचारू नका, मी सहा वर्षं हिचं घर वाहिलं, तिनं सहा वर्षं मला ताट वाढलं आणि ते ताट वाढताना तिच्या मनात हे होतं, असंच काहीतरी डोक्यात आलं. मी उठलो. माझा हात वर गेला होता. अक्कावर मी जन्मात हात उचलला नव्हता.

ती हलली नाही. ती माझ्याकडे बघतही नव्हती, हाताकडे बघत होती.

"मार," म्हणाली. "पन आदी येळ सांग."

हात खाली यायला वेळ लागला.

"साडेदहा," मी म्हणालो. आणि मग थांबता येईना. थप्पड सांगितली, चौकट सांगितली, चिंध्यांचा ढीग, पाण्याची बादली, कॉलर धरलेली, करंगळी नाचवलेली, सगळं सांगितलं. त्यांनी पाय धरला होता तेही सांगितलं.

अक्कानं सूप बाजूला ठेवलं. तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं तिनं मांडीवर उघडली आणि अंगठ्यानं एकेक पेर मोजत गेली. साडेअकरा. साडेबारा. दीड. अडीच. साडेतीन.

"पाच तास," ती म्हणाली. "त्यातले चार तास ते एकटे पडून हुते."

मी म्हणालो, "मला मार अक्का. पायतान घेऊन मार."

"कशाला? तुला बरं वाटायला?" तिनं द्राक्षांची पिशवी उचलली आणि माझ्या हातात दिली. "जा आता. परत येऊ नगंस."

मी चपला घातल्या. मागं दाराला आतून कडी लागली.